चाचणी कोणाची : मुलाची की शाळेची?

कामरगाव (जि. वाशिम) : कारंजा तालुक्यातील कामरगाव हे सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या पट्ट्यातील गाव. अशा गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात पाचवीत असलेल्या मुलाच्या वाट्याला किती परीक्षा आल्या असतील, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात राज्यस्तरीय पायाभूत चाचणी झाली. पहिले सत्र संपताना संकलित चाचणी झाली. अर्ज भरला असेल, तर जानेवारीत नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा आणि फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा. शेवटी एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, आणि त्या वर्षापासून तीही पास-नापास ठरविणारी. वर्गातील लहानसहान चाचण्या यात धरलेल्याच नाहीत. दहा-अकरा वर्षांचे मूल आणि वर्षभरात पाच परीक्षा.

या पाचही परीक्षा वरवर सारख्या दिसतात. छापील प्रश्नपत्रिका, ठरलेला वेळ, शेवटी गुण. प्रत्यक्षात त्यांची कामे अगदी निराळी आहेत. पहिल्या दोन चाचण्या मुलाला काय येते आणि काय येत नाही, हे शोधण्यासाठी आहेत. पुढच्या दोन परीक्षा अनेकांमधून थोडे निवडण्यासाठी आहेत. शेवटची परीक्षा मुलाला वरच्या वर्गात पाठवायचे की नाही, हे ठरविण्यासाठी आहे. याशिवाय एक चौथे काम अलीकडच्या काळात चाचण्यांच्या गळ्यात पडले आहे. ते म्हणजे शाळा, शिक्षक आणि जिल्हा यांची प्रतवारी लावणे.

परीक्षा हव्यात की नकोत, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उफाळून येतो. एक बाजू गुणवत्तेचा दाखला देते, तर दुसरी बाजू मुलांवरील ताणाचा. मात्र कोणती परीक्षा, कोणत्या कामासाठी आणि तिच्या निकालानंतर कोणी काय करायचे, हे प्रश्न बहुधा बाजूलाच राहतात. प्रमाणित चाचण्यांचे मोल आणि त्यांचे धोके हे दोन्ही या प्रश्नांच्या उत्तरांतच दडलेले आहेत.

प्रमाणित म्हणजे काय?

सर्व मुलांना सारखेच किंवा सारख्या काठिण्याचे प्रश्न, सर्वांना सारखा वेळ, सारख्या सूचना आणि सर्वांच्या उत्तरांना एकाच निकषाने गुण, अशी जी चाचणी असते तिला प्रमाणित चाचणी म्हणतात. वर्गशिक्षक स्वतः प्रश्न काढून घेतात ती चाचणी त्या वर्गापुरती उपयोगी असते. तिथल्या ऐंशी गुणांची तुलना दुसऱ्या गावातील शाळेच्या ऐंशी गुणांशी करता येत नाही. तुलना करता यावी, हेच प्रमाणित चाचणीचे प्रयोजन आहे.

महाराष्ट्राची शिष्यवृत्ती परीक्षा हे याचे परिचित उदाहरण. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतली जाते. दीर्घकाळ ती चौथी आणि सातवीसाठी होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीसाठी झाली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. पाचवीच्या परीक्षेचे स्वरूप असे होते : दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. एका पेपरात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. उत्तरे पर्यायी, तपासणी यंत्राने. मुंबईतील मुलाला जी प्रश्नपत्रिका, तीच कामरगावच्या मुलाला. तपासणाऱ्या यंत्राला मुलाचे आडनाव, जात, गाव किंवा वडिलांचा हुद्दा यांतले काहीही कळत नाही. या चाचणीचे सर्वांत मोठे बळ हेच आहे.

गावाबाहेर पोहोचणारी हाक

शहरातील पालकाच्या हाताशी खासगी शाळा, शिकवणी वर्ग आणि ओळखीपाळखी असतात. आपले मूल हुशार आहे, हे जगाला सांगण्याची साधने त्याच्याकडे पुष्कळ असतात. खेड्यातील शेतमजुराच्या मुलीकडे असे साधन बहुधा एकच असते, सर्वांना समान असलेली परीक्षा. नवोदय विद्यालयांची कल्पना याच विश्वासावर उभी राहिली. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली, त्यांपैकी एक शेजारच्या अमरावतीत होते. दुसरे हरियाणातील झज्जर येथे. आता वाशिम जिल्ह्यालाही स्वतःचे नवोदय विद्यालय आहे. ८० प्रश्नांच्या, दोन तासांच्या परीक्षेतून सहावीसाठी साधारण ८० मुलांची निवड होते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. त्यानंतर बारावीपर्यंत निवासी शिक्षण. ज्या घरात पुस्तक विकत घेणे हीच चैन असते, त्या घरासाठी या दोन तासांचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको.

आठवीतील मुलांसाठी असलेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना हेही असेच दुसरे दार. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नसलेल्या, शासकीय किंवा अनुदानित शाळेतील निवडक मुलांना नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. महाराष्ट्राचा कोटा ११ हजार ६८२ विद्यार्थ्यांचा आहे. दहावीच्या उंबरठ्यावर शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाला वर्षाचे १२ हजार रुपये वर्गात टिकवून ठेवू शकतात.

तथापि, स्पर्धा परीक्षा सर्वांना समान असली, तरी ती देणारी मुले समान पातळीवरून येत नाहीत. ही गोष्ट महाराष्ट्राला सांगणारा पहिला मोठा आवाज महात्मा जोतीराव फुले यांचा होता. ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यात त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवले होते. ज्या वर्गांत शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे, त्यांनाच या शिष्यवृत्त्यांचा लाभ होतो. चढाओढीने त्या देणे तत्त्वतः न्याय्य वाटले, तरी त्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या मागे राहिलेल्यांसाठी असाव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सुमारे १४० वर्षांनंतरही हा युक्तिवाद जुना झालेला नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांची आणि सराव वर्गांची मोठी बाजारपेठ पाहिली, की समान प्रश्नपत्रिका आणि समान संधी यांतील अंतर लक्षात येते.

वर्गाला दाखविलेला आरसा

निवड हे चाचणीचे एक काम झाले. पण निवड थोड्यांचीच होते. उरलेल्या बहुसंख्य मुलांसाठी चाचणीचा उपयोग निराळा आहे. कोण कुठे अडले आहे, हे वेळेवर कळणे हा तो उपयोग.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवू नये आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मंडळाची परीक्षा घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. त्याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची तरतूदही होती. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात ती पद्धत आली. म्हणजे कायद्याने नापास करणे थांबविले होते, मूल्यमापन थांबविले नव्हते. लोकांच्या मनात मात्र ‘आता परीक्षाच नाहीत’ हा समज पक्का बसला. अनेक ठिकाणी नोंदी भरण्याचे काम उरले आणि मुलाला नेमके काय येते, हा मूळ प्रश्न त्या कागदांखाली दबला.

तो प्रश्न पुन्हा वर आणला तो शाळेबाहेरच्या एका साध्या चाचणीने. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात ‘असर’ पाहणी होऊ लागली. प्रत्येक जिल्ह्यातील ३० गावे, प्रत्येक गावातील २० घरे. कार्यकर्ते घरी जातात, मुलासमोर एक कागद धरतात. त्यावर अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल कुठपर्यंत वाचते, एवढेच पाहायचे. २०१८ मध्ये देशातील ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी २०.९ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. करोना काळानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांपर्यंत सावरले. घसरण किती आणि सावरणे किती, हे कळले ते वर्षानुवर्षे तोच कागद, त्याच पद्धतीने वापरल्यामुळे. चाचणी प्रमाणित असण्याचा हा खरा लाभ.

अशा चाचणीचे पुढे काय करायचे, याचे उत्तरही महाराष्ट्राच्या मातीत सापडते. १९९४ मध्ये मुंबईत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालविला. मागे पडलेली मुले चाचणीतून शोधायची आणि वस्तीतीलच एका तरुणीने त्यांना रोज काही वेळ त्यांच्या पातळीपासून शिकवायचे, अशी ही साधी योजना होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे तिचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इथे चाचणीने कोणाला पास केले नाही की नापास केले नाही. तिने फक्त बालसखीला सांगितले, की उद्या या मुलाला कुठून शिकवायला सुरुवात करायची.

माप बदलले, निकाल बदलला

गुण ही मुलाच्या डोक्यातील ज्ञानाची थेट नोंद आहे, असे आपण गृहीत धरतो. ती तशी नसते. गुण हे मुलाचे ज्ञान आणि मोजण्याचे साधन या दोहोंच्या भेटीतून निघतात. साधन बदलले, की आकडा बदलतो.

राज्याच्या दहावीच्या निकालाचा आलेख याची साक्ष देतो. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांचे शाळांकडे असलेले २० गुण रद्द करण्यात आले होते. पुढील वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला आणि तो निघाला ९९.९५ टक्के. तीन वर्षांत राज्यातील मुले आधी एकाएकी मंद झाली आणि मग एकाएकी तल्लख झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजण्याची रीत. अकरावीच्या प्रवेशासाठी त्या वर्षी शासनाने स्वतंत्र सामाईक परीक्षा जाहीर केली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द ठरविली आणि प्रवेश शाळांनी दिलेल्या गुणांवरच झाले.

या आकड्यांतून दोन धडे निघतात आणि ते दोन दिशांना ओढणारे आहेत. सर्व काही शाळेवर सोपविले, तर गुण फुगतात आणि त्यांचा अर्थ हरवतो, म्हणून बाहेरची समान परीक्षा आवश्यक ठरते. दुसरीकडे, एका परीक्षेच्या रचनेत थोडा फरक केल्याने हजारो मुले पासाची नापास होत असतील, तर त्या एका आकड्यावर मुलाचे भवितव्य टांगणे धाडसाचे ठरते.

पर्यायी प्रश्नांची मर्यादाही इथेच ध्यानात घ्यावी लागते. चार पर्यायांच्या ७५ प्रश्नांना मुलाने डोळे मिटून उत्तरे दिली, तरी सरासरी अठरा-एकोणीस उत्तरे बरोबर येतात. म्हणजे १५० पैकी ३७-३८ गुण केवळ नशिबाचे. यंत्राने तपासणी झटपट आणि नि:पक्ष होते, हे खरे. मात्र मुलाला चार ओळींचे पत्र लिहिता येते का, गणित कोणत्या वाटेने सुटले, अनोळखी प्रश्नापुढे ते किती वेळ टिकून राहते, हे त्या काळ्या केलेल्या गोलांतून कळत नाही.

गुण हेच उद्दिष्ट झाले की

अमेरिकेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात एक निरीक्षण मांडले होते. एखाद्या आकड्यावर जितके महत्त्वाचे निर्णय अवलंबून ठेवावेत, तितका तो आकडा बिघडविण्याचा मोह वाढतो आणि ज्याचे मोजमाप करायचे ते कामही त्याबरोबर बिघडते, असा त्याचा मथितार्थ. शिक्षणाच्या इतिहासात याचे दाखले जागोजागी सापडतात.

इंग्लंडने १८६२ मध्ये ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत आणली. निरीक्षक शाळेत येऊन वाचन, लेखन आणि अंकगणिताची परीक्षा घेत. मूल जितक्या विषयांत नापास होई, तितके शाळेचे अनुदान कापले जाई. परिणामी शाळांत त्या तीन विषयांचीच घोकंपट्टी उरली आणि सुमारे तीन दशकांनी ती पद्धत मोडीत काढावी लागली. २००२ मध्ये अमेरिकेने पुन्हा त्याच वाटेवर पाऊल टाकले. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी आणि अपेक्षित प्रगती न दाखविणाऱ्या शाळांवर कारवाई. या कायद्याने गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांची पिछाडी आकड्यांत उघडी पाडली, ही त्याची जमेची बाजू. पण अटलांटा शहरात काय घडले, हेही जगाने पाहिले. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांवर गुणांत फेरफार केल्याचा ठपका आला आणि २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो कायदा बदलण्यात आला.

महाराष्ट्रानेही हा मोह अनुभवला आहे. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पायाभूत आणि संकलित चाचण्यांचा हेतू मागे पडलेली मुले शोधण्याचा होता. ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने मात्र शिक्षकांची वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणी शाळा ‘प्रगत’ असण्याशी, तर माध्यमिक शाळांत नववी-दहावीच्या निकालाशी जोडली. शिक्षक संघटनांनी तीव्र विरोध केला आणि पुढे ही अट मागे घेण्यात आली. त्या वादात शिक्षकांना उत्तरदायित्व नको आहे, असा सूर काहींनी लावला होता. प्रश्न तेवढाच नव्हता. ज्या शिक्षकाने प्रामाणिकपणे ‘माझ्या वर्गातील बारा मुलांना वाचता येत नाही’ असे लिहायचे, त्याचाच पगार त्या वाक्यावर अवलंबून ठेवला, तर ते वाक्य कागदावर येणार कसे?

वाशिमच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच जवळचा आहे. जुलै १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आला. राज्यातून त्याच्यासोबत गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव हे जिल्हे होते. या कार्यक्रमात जिल्ह्यांची क्रमवारी ४९ निर्देशकांवर लावली जाते आणि त्यात शिक्षणाचा भारांश ३० टक्के आहे. मुलांना भाषा आणि गणित किती येते, हाही त्यातील एक निकष आहे. मागास जिल्ह्याकडे यंत्रणेचे लक्ष वळते, हे चांगलेच आहे. मात्र क्रमवारीचा दबाव जिल्हा मुख्यालयातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला आणि केंद्रातून दोन शिक्षकी शाळेला पोहोचतो, तेव्हा मुलांना शिकविण्यापेक्षा आकडा सजविण्याची घाई होण्याचा धोका नाकारता येत नाही.

जे मोजले जात नाही

शेजारच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. जिल्ह्यातील तांड्यांवरच्या मुलांच्या घरची भाषा गोरमाटी आहे, मराठी नाही. प्रमाण मराठीतील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहिताना असे मूल अडखळले, तर ते आकलनात कमी पडले की भाषेत, हे चाचणीच्या गुणांतून समजत नाही. दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाची गोष्ट तर त्याहून निराळी. पायाभूत चाचणीला ते वर्गात असते आणि पुढच्या चाचणीला कुठल्या तरी फडावर असते. त्याचे कमी गुण किंवा त्याची गैरहजेरी शाळेच्या खात्यावर नोंदली जाते, त्याचे कारण मात्र नोंदले जात नाही.

म्हणून चाचणी खोटी ठरत नाही. तांड्यावरचे मूल मागे आहे, हे सत्य झाकून त्या मुलाचे भले होणार नाही. मात्र ते का मागे आहे, हे चाचणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी त्या मुलाला ओळखणारा शिक्षक लागतो.

पुन्हा नापास

या सगळ्या चर्चेला तातडीचा संदर्भ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत नियमित परीक्षा घेण्याची आणि मुलांना मागे ठेवण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा सुरू केली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे, पुन्हा परीक्षेची संधी द्यायची आणि तरीही ते उत्तीर्ण झाले नाही, तर त्याच वर्गात ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. शाळेतून काढून मात्र टाकता येणार नाही. केंद्रानेही डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नियमांत अशीच तरतूद केली.

परीक्षेचा धाक नसेल, तर मूल आणि पालक दोघेही गाफील राहतात, ही तक्रार निराधार नाही. पण पाचवीच्या शेवटी नापास ठरलेल्या मुलाची अडचण पाचवीत सुरू झालेली नसते. ती बहुधा दुसरी-तिसरीत, वाचन पक्के न झाल्यामुळे सुरू झालेली असते. जी गोष्ट तीन वर्षांत शिकविली गेली नाही, ती उन्हाळी सुट्टीतील काही आठवड्यांच्या जादा मार्गदर्शनात भरून निघेल, ही अपेक्षा फार मोठी आहे. त्या मुलाला पुन्हा त्याच वर्गात, त्याच पुस्तकासमोर, त्याच पद्धतीने बसविले, तर वर्ष वाढेल, वाचन वाढेलच असे नाही. गरीब घरातील मुलीच्या बाबतीत तर एक नापासाचा शिक्का शाळा सुटायला पुरेसा ठरू शकतो.

काट्याचे काम काट्याला

मग मार्ग कोणता? चाचण्यांची कामे वेगळी करणे, हा त्यातला पहिला टप्पा. जिल्ह्याची किंवा राज्याची पातळी जाणून घ्यायची असेल, तर प्रत्येक मुलाची परीक्षा घेण्याची गरज नाही, नमुना पुरतो. डिसेंबर २०२४ मधील ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या सुमारे २१ लाख मुलांच्या नमुन्यावरून ७८१ जिल्ह्यांचे चित्र मांडण्यात आले. त्यात कोणत्याही मुलाचा वैयक्तिक निकाल लागत नाही, त्यामुळे मुलाला भीती नाही. फिनलंडसारखा देशही शालेय वयात नमुना चाचण्यांवरच भागवितो. उच्च माध्यमिक टप्प्याच्या शेवटी होणारी परीक्षा हीच तेथील मुलांची पहिली राष्ट्रीय परीक्षा असते.

मुलाचे अडलेले पाऊल शोधणारी चाचणी मात्र प्रत्येक मुलाची हवी, वारंवार हवी आणि ती शिक्षकाच्या हातात राहायला हवी. तिचा निकाल वरच्या कार्यालयात तक्ता म्हणून पोहोचण्याआधी दुसऱ्या दिवशीच्या तासाला उपयोगी पडला पाहिजे. तिच्यावर पगार, बढती किंवा क्रमवारी टांगली, की ती चाचणी मुकी होते. आणि निवड परीक्षांच्या बाबतीत फुले यांचा इशारा स्मरणात ठेवून, सराव वर्गापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांना शाळेतच तयारी मिळेल, हे पाहावे लागेल.

कामरगावच्या परिसरातील शेतकऱ्याला बाजार समितीतील काट्याचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. काटा खरा असलाच पाहिजे, नाही तर वर्षभराच्या घामाची किंमत बुडते. पण काट्यावर पोते पुन्हा पुन्हा ठेवल्याने सोयाबीन वाढत नाही, हेही त्याला पुरते ठाऊक असते. पीक वाढते ते वावरात. राज्यातील मुलांचे मोजमाप करणारे काटे आता पुष्कळ झाले आहेत. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही, हे काट्याने दाखविल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसून त्याला वाचायला कोण शिकविणार, याचे उत्तर मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत सापडणार नाही. ते शासनाला, शाळेला आणि पालकांना मिळूनच द्यावे लागेल.